शिक्षकांचं स्वास्थ्य, एक ‘फसलेला’ प्रयोग आणि पेठची शिक्षण परिषद

शोधनिबंध कसा वाचायचा, या लेखमालेत आज मुद्दाम असा निबंध घेतला आहे, ज्याचं उत्तर ‘फरक पडला नाही’ असं आहे. निमित्त एका ज्युनिअरच्या सिनॉप्सिसचं. विषय असा: ‘पेठ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्यावर प्रशिक्षण व सहकारी-साहाय्य कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. नमुना 40 शिक्षकांचा. पाच दिवसांचा कार्यक्रम, त्यात प्राणायाम, वेळेचं नियोजन, गटचर्चा. आधी एक चाचणी, नंतर एक चाचणी, मग टी-टेस्ट. निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला: कार्यक्रम परिणामकारक आहे.

हसू नका. माझा स्वतःचा पहिला आराखडा याच साच्यातला होता. विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला वाटायचं, चाचणी लावली, आकडा आला, की झालं संशोधन. शिक्षकांचं स्वास्थ्य हा विषय मात्र खरोखर गरजेचा आहे. म्हणूनच तो घाईघाईत हाताळला तर नुकसान कुणाचं होतं, ते आधी बघायला हवं. ते होतं शिक्षकांचं. चुकीच्या अभ्यासातून आणखी एक प्रशिक्षण निघतं, आणखी एक लिंक येते आणि ‘एवढं प्रशिक्षण देऊनही शिक्षक तणावात कसे?’ असा उलटा प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

निबंध काय सांगतो

इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग आणि दक्षिण वेल्स इथल्या 25 माध्यमिक शाळांमध्ये ‘वाइज’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. ज्युडी किजर आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात मांडले. आपल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात जे दोन शब्द आहेत, प्रशिक्षण आणि सहकारी-साहाय्य, तेच या प्रयोगाचे दोन खांब होते.

रचना साधी होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिक पद्धतीने 12 शाळांना कार्यक्रम मिळाला, 13 शाळा नियंत्रित गटात राहिल्या. कार्यक्रमाच्या शाळांमध्ये साधारण 8 टक्के कर्मचाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहकाऱ्यांसाठी मदत-सेवा सुरू करायची होती. हे मदतनीस वरून नेमलेले नव्हते. ‘अडचणीत कुणाशी बोलावंसं वाटेल?’ याची नावं सहकाऱ्यांनीच सुचवायची होती. आणखी काही शिक्षकांना विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य ओळखण्याचं प्रशिक्षण मिळालं. बाकी सगळ्यांसाठी एक छोटं जाणीव-जागृतीचं सत्र होतं.

मोजमापासाठी वॉरविक-एडिंबरा मापनश्रेणी वापरली. तिच्यात 14 विधानं असतात, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कसं वाटलं याबद्दलची, आणि गुण 14 ते 70 यांच्या दरम्यान येतात. दोन वर्षांनी दोन्ही गटांची तुलना केली. कार्यक्रमाच्या शाळांतल्या शिक्षकांचं स्वास्थ्य सुधारलं का? नाही. विद्यार्थ्यांचं? तेही नाही.

‘नाही’ वाचायचं कसं

आपल्याकडे असा निकाल आला की मार्गदर्शकापासून टायपिंगवाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे पडतात. पण मी आतापर्यंत वाचलेल्या निबंधांमध्ये सर्वाधिक शिकवणारा हा निबंध आहे, आणि त्याची कारणं त्याच्या रचनेत आहेत.

पहिलं, मुख्य मोजमाप कोणतं हे त्यांनी आधी जाहीर केलं होतं. वीस गोष्टी मोजायच्या आणि ज्यात फरक दिसेल ती पुढे करायची, ही पळवाट त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही.

दुसरं, शिक्षकांना आपली शाळा कोणत्या गटात आहे हे माहीत होतं आणि उत्तरंही तेच देत होते. अशा अभ्यासात बहुतेक वेळा उत्तरं कार्यक्रमाच्या बाजूने झुकतात, कारण माणसं भिडस्त असतात. तरीही फरक दिसला नाही. म्हणजे हे ‘नाही’ बऱ्यापैकी ठाम आहे.

तिसरं, आकड्यांच्या जोडीला त्यांनी प्रक्रियेचंही मूल्यमापन केलं. कार्यक्रम कागदावर होता तसा शाळेत झाला का, कोण आलं, कोण आलं नाही, का नाही. इथेच या निबंधातली सर्वांत महत्त्वाची माहिती सापडते: मदत-सेवा वापरल्याचं सांगणारे शिक्षक सुमारे 6 टक्के होते. वेळ नव्हता. आणि आपलं बोलणं आपल्याच शाळेतल्या माणसाजवळ ठेवायचं, तर गोपनीयतेची धास्ती होती.

आता विचार करा. औषध दिलं, रोगी बरा झाला नाही. पण शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी गोळी गिळलीच नव्हती. मग औषध निरुपयोगी म्हणायचं का? घाई करू नका. ‘फरक नाही’ या निकालाची किमान तीन स्पष्टीकरणं असू शकतात: कल्पनाच चुकीची होती, कल्पना बरोबर होती पण अंमलात आली नाही, किंवा अंमलात आली पण आपली मोजपट्टी चुकली. सिनॉप्सिस लिहितानाच स्वतःला विचारा, की माझ्या अभ्यासात ‘नाही’ आलं तर या तिन्हींतलं कोणतं, हे मला ओळखता येईल का? येणार नसेल तर रचना अजून अपुरी आहे.

लेखकांनी स्वतः चौथी शक्यताही मांडली आहे: कामातला ताण जिथून येतो, त्या कारणांना या कार्यक्रमाने हातच लावला नाही. मला ही शक्यता सर्वांत गंभीर वाटते. निधी आटत होता, कामाचा दबाव वाढत होता आणि कार्यक्रम मात्र माणसाला ताण सोसायला शिकवत होता.

या निबंधावरचे माझे आक्षेप

कौतुक झालं, आता टीका. एक, दोन वेगळे उपाय एकाच गाठोड्यात बांधले: शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मदत करण्याचं प्रशिक्षण आणि शिक्षकांनी शिक्षकांना मदत करण्याची सेवा. फरक दिसला असता, तरी तो कशामुळे हे सांगता आलं नसतं. शिवाय पहिल्या प्रशिक्षणाने शिक्षकाच्या डोक्यावर नवी जबाबदारी येते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जाऊ शकतं.

दोन, आधीच्या सहा शाळांमधल्या पथदर्शी अभ्यासावर हा प्रयोग उभा होता. त्यात कार्यक्रम राबवता येतो आणि शाळांना तो मान्य होतो, एवढं कळलं होतं. ‘मान्य होतो’ आणि ‘वापरला जातो’ यांत अंतर आहे. प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायात ‘फार छान झालं’ लिहिणं सोपं असतं. तीन आठवड्यांनी, सातवा तास संपल्यावर, एखाद्या सहकाऱ्याचं दार वाजवणं अवघड असतं.

तीन, आणि हा आक्षेप निबंधापेक्षा आपल्यावर जास्त आहे: ही रचना मोठ्या शाळेसाठी आहे, जिथे एका स्टाफरूममध्ये पुष्कळ शिक्षक बसतात. ती जशीच्या तशी उचलून पेठमध्ये आणता येणार नाही.

पेठमध्ये ‘सहकारी’ कुठे असतो?

नाशिकहून पेठ रस्त्याने सावळघाट ओलांडून गेलं की गुजरातच्या हद्दीपर्यंत हा तालुका पसरला आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली वस्ती, भात-नागली-वरईची शेती, जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांपैकी एक. पाड्यापाड्यावर जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. म्हणजे पाड्यावरची शाळा बहुधा द्विशिक्षकी. त्या दोघांत पहिली ते चौथी किंवा पाचवी, पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज. एक जण तालुक्याला बैठकीला गेला की उरलेला एकटाच सगळे वर्ग सांभाळतो. ‘वाइज’चं 8 टक्क्यांचं सूत्र इथे लावलं तर प्रत्येक शाळेत 0.16 मदतनीस येतो!

आणि तो दुसरा शिक्षक नेहमी मित्रच असेल असंही नाही. दोनच माणसं असलेल्या शाळेत संबंध बिघडले तर तोच सर्वांत मोठा ताण असतो. कधी एक जण नाशिकहून अप-डाऊन करणारा, दुसरा तालुक्यातच राहणारा. कधी एकाला मुलांची कोकणी बोली कळते, दुसऱ्याला नाही. दिवाळीनंतर पालक दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला निघतात, मुलं सोबत जातात, पट कागदावर राहतो. मुलं थांबवायला घरोघर फिरायचं कुणी, हाही प्रश्न त्या दोघांतच सुटायचा असतो.

मग इथे शिक्षकाला शिक्षक भेटतो कुठे? उत्तर आपल्या व्यवस्थेतच आहे: शिक्षण परिषद. दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख, आणि महिन्यातून एकदा त्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची एकत्र बैठक. करंजाळी असो, कोहोर असो, जोगमोडी असो, केंद्र म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांसमोर हा दिवस येतो. परदेशात संशोधकांना अनुदान घेऊन जो मंच उभारावा लागतो, तो आपल्याकडे शासकीय पत्रकानुसार आधीच अस्तित्वात आहे. मला खरा संशोधनाचा विषय इथे दिसतो.

परिषदेतला चहा

मी तालुक्यातल्या एका केंद्रात अशा परिषदेला जाऊन बसले होते. विषयपत्रिका भरगच्च होती. अध्ययन निष्पत्ती, मग एका अ‍ॅपवरची थकलेली माहिती, मग दुसऱ्या अ‍ॅपवरची. आदर्श पाठ झाला. कुणी प्रश्न विचारला नाही. खरं बोलणं सुरू झालं चहाच्या वेळी, ओसरीवर. एक तरुण मॅडम सांगत होत्या की पहिलीतली एक मुलगी दोन महिने बोललीच नाही, मग एक दिवस नागली दळायच्या जात्याबद्दल बोलली. दोघी-तिघी पुढे सरकल्या. ‘आमच्याकडेही आहे एक असा.’ वीस मिनिटं. मग आतून हाक आली.

ज्युडिथ वॉरेन लिटल या अभ्यासिकेने 1990 च्या एका प्रसिद्ध निबंधात शिक्षकांच्या आपसातल्या व्यवहाराचे चार प्रकार केले आहेत: किस्से सांगणं, मागितली तर मदत करणं, साहित्य वाटून घेणं आणि एखादं काम खरोखर मिळून करणं. पहिल्या तीन प्रकारांत प्रत्येक जण शेवटी आपापल्या वर्गात एकटाच राहतो, चौथ्यातच जबाबदारी वाटली जाते, असा तिचा रोख होता. अँडी हारग्रीव्ह्ज यांनी वरून लादलेल्या एकत्र येण्याला ‘घडवून आणलेलं सहकार्य’ या अर्थाचं नाव दिलं: वेळ ठरलेली, विषय ठरलेला, हजेरी सक्तीची, आणि निघतं फारसं काही नाही. त्या दिवशी केंद्रशाळेच्या खोलीत हारग्रीव्ह्ज होते आणि ओसरीवर लिटलची पहिली पायरी होती. तिसरी-चौथी पायरी गाठायला वेळच नव्हता.

त्याच दिवशी मी माझ्या प्रश्नावल्या वाटल्या. निवृत्तीला चार वर्षं उरलेले एक गुरुजी म्हणाले, “मॅडम, भरून देतो. पण यात एक रकाना वाढवा. ही भरायला किती वेळ लागला त्याचा.” सगळे हसले. मीही हसले. परतीच्या एसटीत मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. ताण मोजायला गेलेली मी त्या दिवसाच्या ताणात पंचवीस मिनिटांची भर घालून आले होते.

ताण येतो कुठून?

शिक्षक हे स्वतः सांगत आलेच आहेत. 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर राज्यातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला, तेव्हाची घोषणा होती ‘आम्हाला शिकवू द्या’. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक कामं लावायला मनाई करतं, आणि तरीही घोषणा ही द्यावी लागते. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. त्या गुरुजींना सूट, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या सरांना नाही. 2025 च्याच पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात मुक्काम ठोकला होता. ज्याला पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल की नाही हे माहीत नाही, त्याला श्वासावर लक्ष केंद्रित करायला सांगायचं, तर कुठल्या तोंडाने?

संशोधनाच्या भाषेत हे सांगायचं तर ‘कामाच्या मागण्या आणि संसाधनं’ हे प्रारूप वापरता येईल. डेमेरूटी, बाकर आणि सहकाऱ्यांनी ते 2001 मध्ये मांडलं. मागण्या वाढल्या की माणूस थकतो, संसाधनं कमी पडली की त्याचं कामातलं मन उडतं. सहकाऱ्यांची साथ हे संसाधन आहे. ते वाढवणं चांगलंच, पण मागण्यांची बाजू तशीच ठेवून फक्त संसाधनं वाढवल्याचा परिणाम किती होणार, हे ‘वाइज’ने दाखवलं आहे. त्यातही प्रशिक्षण स्वतःच मागणी होऊन बसलं तर? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 दर शिक्षकाला वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. हे तास शाळेच्या वेळेत की रात्री मोबाइलवर, हा तपशील नाही, हाच मुख्य प्रश्न आहे.

तर मग सिनॉप्सिसचं काय करायचं?

ज्युनिअरला मी लिहून दिलेल्या सूचना इथे सगळ्यांसाठी.

1. नियंत्रित गट हवाच. पूर्वचाचणी एप्रिलमध्ये, निकालाच्या गडबडीत, आणि उत्तरचाचणी जूनमध्ये, सुट्टीनंतर घेतली तर ताण कमी दिसणारच. ते श्रेय प्राणायामाचं नाही, सुट्टीचं आहे. सर्वाधिक तणावातले शिक्षक निवडले तरी दुसऱ्या मोजणीत आकडा आपोआप सरासरीकडे सरकतो.

2. 40 म्हणजे 40 नव्हे. चार केंद्रांतून प्रत्येकी 10 शिक्षक घेतले, तर एका केंद्रातले शिक्षक एकमेकांसारखे असतात: तेच केंद्रप्रमुख, तोच रस्ता, तोच पाऊस. समजा हे साम्य दाखवणारा सहसंबंधांक 0.1 आहे. तर 1 + (10 – 1) × 0.1 = 1.9. म्हणजे 40 ला 1.9 ने भागायचं. हातात साधारण 21 जणांइतकीच माहिती उरते. साधी टी-टेस्ट हे बघत नाही.

3. प्रश्नावली कोण वाटतं? ज्यांच्याकडे रजेचा अर्ज जातो, त्यांच्या हातून वाटली तर स्वास्थ्य उत्तमच येईल. बंद पाकीट, नाव नको, आणि शाळेचं नावही नको. द्विशिक्षकी शाळेत शाळा कळली की माणूस कळतोच.

4. मापनश्रेणीचं नुसतं भाषांतर पुरत नाही. ‘मी निवांत होतो’ याचा अर्थ पाड्यावरच्या शिक्षकासाठी ‘काम नव्हतं’ असाही होऊ शकतो. आधी पाच-सहा शिक्षकांसोबत बसून प्रत्येक विधानाचा त्यांना कळलेला अर्थ ऐका.

5. वापर मोजा. किती जणांनी, किती वेळा, कुणाशी बोलणं केलं. ही नोंद ठेवली नाही तर ‘नाही’ आलं काय आणि ‘हो’ आलं काय, कारण कधीच कळणार नाही.

6. उपाय म्हणून आणखी एक कार्यक्रम घालण्याऐवजी, असलेल्या शिक्षण परिषदेतून काहीतरी काढून बघा. काही केंद्रांत तीन महिने अ‍ॅपवरच्या माहितीचा आढावा परिषदेबाहेर ठेवायचा आणि तो एक तास शिक्षकांच्या स्वतःच्या प्रश्नांना द्यायचा. दोन शाळांच्या शिक्षकांनी मिळून एक पाठ आखायचा, शिकवायचा, पुढच्या वेळी त्यावर बोलायचं. बाकी केंद्रांत नेहमीची परिषद. मग तुलना.

सहावी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि सर्वांत अवघडही, कारण तिला परवानगी लागते. प्रशिक्षण घ्यायचं म्हटलं की परवानगी चटकन मिळते. काम कमी करून बघतो म्हटलं की फाइल फिरते. पण आपल्या विषयातला न तपासलेला प्रश्न नेमका तोच आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवते. ‘वाइज’मध्ये फरक दिसला नाही म्हणून सहकाऱ्यांची साथ बिनकामाची, असं कृपया कुठे लिहू नका. शिक्षकांनी स्वतःहून बांधलेल्या ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारख्या गटांत माणसं स्वतःचा वेळ आणि पैसा घालून एकत्र येतात, ते उगाच नाही. आणि एखाद्याचा त्रास गंभीर असेल तर सहकारी पुरत नाही, तज्ज्ञच लागतो. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक प्रश्नावलीच्या शेवटी छापा. प्रश्न विचारून जखम उघडी करायची आणि निघून यायचं, हे संशोधन नव्हे.

ज्युनिअरने शीर्षक बदललं आहे. ‘परिणामकारकतेचा अभ्यास’ गेलं. आता आहे, ‘शिक्षण परिषदेतील वेळेचा वापर आणि शिक्षकांचे स्वास्थ्य: पेठ तालुक्यातील एक अभ्यास’. मार्गदर्शकांची सही अजून बाकी आहे. प्रश्नावली 14 विधानांची ठेवली आहे आणि शेवटी एक रकाना वाढवला आहे: ही भरायला किती मिनिटं लागली?